शांतीविना समारंभ : वाढदिवसाच्या कुटुंबमेळाव्याची चार नाट्यरूपे

१

महाराष्ट्रात वयाची साठ वर्षे पूर्ण केलेल्या माणसाच्या घरी जो विधी होतो, त्याला बोलीभाषेत ‘साठीशांत’ म्हणतात. पोथीतले त्याचे नाव उग्ररथ शांत. नात्यागोत्यातली माणसे जमतात, होम होतो, औक्षण होते, आणि त्यानंतर पंगती बसतात. ऐंशी वर्षे उलटल्यावर होणाऱ्या सहस्रचंद्रदर्शनाच्या विधीचीही रूपरेषा साधारण हीच असते. या विधींच्या नावातला ‘शांत’ हा शब्द विचार करण्याजोगा आहे. जे प्रक्षुब्ध आहे, ज्याच्यापासून अपाय संभवतो, त्याचेच शमन करावे लागते. साठावे किंवा ऐंशीवे वर्ष हा जुन्या समजुतीप्रमाणे अभिनंदनाचा विषय होण्यापूर्वी धोक्याचा उंबरठा होता. आधी त्या धोक्याची कबुली द्यायची, त्याचे शमन करायचे आणि मग गोडाधोडाचे जेवायचे, असा हा क्रम होता.

आधुनिक मध्यमवर्गाने हा क्रम हळूहळू बदलला. साठी, पंचाहत्तरी, ऐंशी साजरी होतेच. पण ती पुष्कळदा शहराबाहेरच्या एखाद्या विश्रामगृहात किंवा शेतघरात, दोन दिवसांची सुटी काढून, सर्व शाखांतली माणसे एकत्र आणून होते. होमाचा भाग आटोपशीर होतो किंवा गळतो. केक, भाषणे, भेटवस्तू आणि सामूहिक छायाचित्र एवढे उरते. समारंभ राहिला आणि शांत गेली, असे या बदलाचे वर्णन करता येईल. जे गेले ते केवळ कर्मकांड नव्हते. कुटुंबाच्या आयुष्यात काहीतरी अस्वस्थ आहे आणि त्याची दखल घेतल्यावाचून आनंद करता येणार नाही, ही जाणीवही त्याबरोबर गेली.

विसाव्या शतकातील काही महत्त्वाच्या नाटककारांनी व चित्रपटकारांनी ज्येष्ठ व्यक्तीच्या वाढदिवसाचा कुटुंबमेळावा हा आपल्या रचनेचा पाया म्हणून निवडला. टी. एस. एलियट यांचे ‘द फॅमिली रियुनियन’ (१९३९), टेनेसी विल्यम्स यांचे ‘कॅट ऑन अ हॉट टिन रूफ’ (१९५५), सत्यजित राय यांचा ‘शाखा प्रशाखा’ (१९९०) आणि डॅनिश दिग्दर्शक टॉमस व्हिन्टरबर्ग यांचा ‘फेस्टन’ (१९९८) या चार कृती भाषा, काळ आणि माध्यम या तिन्ही बाबतींत एकमेकींपासून दूर आहेत. तरीही समारंभाने बाहेर घालवलेली अशांती या चौघींत पुन्हा आत शिरते. ती कोणत्या दाराने येते आणि आल्यावर तिचे शमन होते की नाही, हा या लेखाचा प्रश्न आहे.

२

कुटुंबमेळाव्याचे नाट्यदृष्ट्या असलेले फायदे उघड आहेत. एक घर, एक दिवस आणि ठरलेली माणसे अशी स्थळकाळाची एकता त्यात आयतीच मिळते. वर्षानुवर्षे टाळलेली माणसे एका छपराखाली येतात आणि जेवण संपेपर्यंत निघता येत नाही. मात्र हे फायदे लग्नघराला आणि सुतकी घरालाही आहेत. वाढदिवसाच्या घराचे वेगळेपण अन्यत्र आहे. लग्नघराची दृष्टी पुढे असते. मृत्यूनंतरच्या मेळाव्यात ज्याच्याविषयी बोलायचे तो ऐकायला नसतो. वाढदिवसाच्या घरी मात्र ज्याच्या आयुष्याचा हिशेब मनातल्या मनात प्रत्येक जण मांडत असतो, तो माणूस समोरच्याच खुर्चीवर बसलेला असतो. त्याच्या देखत त्याची स्तुती करायची असते आणि त्याने ती ऐकून घ्यायची असते. वय मोजले जात असते; त्याचबरोबर उरलेला काळ आणि मागे राहणारी मालमत्ताही मोजली जात असते, पण ती कोणी बोलून दाखवत नाही.

मराठी वाचकाला या परिस्थितीचे एक वाङ्मयीन रूप चांगले परिचित आहे. ते म्हणजे षष्ट्यब्दिपूर्तीचा गौरवग्रंथ. अशा ग्रंथांतून मोलाचे संशोधनपर लेखन पुष्कळ वेळा आलेले आहे. परंतु सत्कारमूर्तीविषयीचे जे लेख त्यात असतात, त्यांचे एक अलिखित व्याकरण असते. उणे लिहायचे नाही, आणि लिहिलेच तर ते गुणाच्या रूपात लिहायचे. हेकटपणाला बाणेदारपणा म्हणायचे आणि संतापाला शिस्त. वाढदिवसाच्या मेजावरचे भाषण हा या गौरवग्रंथाचा तोंडी अवतार आहे. चारही कृतींत हे व्याकरण मोडण्याचा एक क्षण येतो. तो क्षण कोण आणतो आणि कोणत्या हेतूने आणतो, यावरून त्या त्या कृतीची नैतिक भूमिका ठरते.

३

एलियट यांच्या नाटकातील लेडी एमी ही इंग्लंडच्या उत्तरेकडील विशवुड नावाच्या ग्रामीण वाड्याची मालकीण आहे. तिच्या वाढदिवसासाठी बहिणी, दीर आणि तीन मुलगे जमायचे आहेत. तिघांपैकी दोघे वाटेत झालेल्या अपघातांमुळे शेवटपर्यंत पोहोचत नाहीत. थोरला हॅरी आठ वर्षांनी येतो, पण पत्नीच्या मृत्यूचा अपराधभाव बरोबर घेऊन. त्याच्यासाठी विशवुडमध्ये काहीही बदलू दिलेले नाही, याचा एमीला अभिमान आहे. या एका तपशिलात एलियटने वाढदिवसाच्या समारंभाचा अंतर्विरोध पकडला आहे. वर्षे मोजण्यासाठी बोलावलेल्या माणसांकडून काळ थांबल्याचा निर्वाळा हवा आहे.

हॅरीला खिडकीत दिसणाऱ्या आकृती म्हणजे ग्रीक नाट्यातील युमेनिडीज. ईस्किलसच्या ‘ओरेस्टिया’ या नाट्यत्रयीत रक्ताच्या नात्यातील हत्येचा पाठलाग करणाऱ्या सूडदेवता अखेरच्या नाटकात शांत केल्या जातात, त्यांना नगरीत स्थान दिले जाते आणि त्या कल्याणकारी होतात. मराठी वाचकाने याला ग्रीकांची शांत म्हटले तर ते फारसे चुकणार नाही. एलियटला या शमनाचे महत्त्व पुरते ठाऊक होते. परंतु त्याच्या नाटकात ते सामुदायिक होत नाही. ॲगाथा मावशीकडून हॅरीला आपल्या जन्मापूर्वीची एक दडवलेली कौटुंबिक गोष्ट कळते. आपल्या मागे लागलेल्या आकृती पाठलाग करणाऱ्या नसून मार्ग दाखवणाऱ्या आहेत, असे त्याला उमगते आणि तो घर सोडतो. जबर धक्का एमीला सोसणार नाही, हे घरच्या वैद्याने त्याला आधीच सांगितलेले असते. तो गेल्यावर ती मरते. अखेरीस वाढदिवसाचा केक, पेटत्या मेणबत्त्यांसह, तिच्या पश्चात रंगभूमीवर येतो.

मुलाची शांत झाली आणि तिची किंमत आईने दिली, असा हा शेवट आहे. पुढे १९५० मध्ये ‘पोएट्री अँड ड्रामा’ या व्याख्यानात एलियटने स्वतःच या नाटकाची कठोर तपासणी केली. आपला नायक आपल्यालाच असह्य वाटतो आणि सहानुभूती बव्हंशी आईकडे वळली आहे, अशा आशयाची कबुली त्याने दिली. ही कबुली केवळ लेखकाची नम्रता नव्हे. वाढदिवसाच्या नाटकात सत्याच्या बाजूने उभे राहणे सोपे असते. ज्याचा वाढदिवस आहे त्याच्या खुर्चीवर बसून ते नाटक पाहणे अवघड असते. ते अवघड काम एलियटला नाटक लिहून झाल्यानंतर साधले.

४

विल्यम्सच्या नाटकात समारंभातील असत्य उघडउघड कथानकाच्या मध्यभागी आहे. मिसिसिपीच्या सखल प्रदेशातील अठ्ठावीस हजार एकरांच्या मळ्याचा मालक बिग डॅडी पासष्ट वर्षांचा झाला आहे. त्याला कर्करोग आहे. आपण निरोगी असल्याचा निर्वाळा त्याला दिला गेला आहे आणि बिग मामाही त्याच भ्रमात आहे. मुलगे, सुना आणि डॉक्टर यांना मात्र खरे काय ते माहीत आहे. थोरला गूपर आणि त्याची बायको मे पाच मुलांना घेऊन आले आहेत, सहावे वाटेवर आहे, आणि त्या मुलांकडून आजोबांसमोर गाणी म्हणवून घेतली जात आहेत. धाकटा ब्रिक दारूत बुडालेला, पाय प्लास्टरमध्ये अडकलेला. वडिलांसाठीची भेटवस्तूही त्याच्या नावाने त्याची पत्नी मॅगी हिने आणली आहे आणि सोबतच्या कार्डावर सही करायलाही तो तयार नाही.

सही नाकारण्याचा हा लहानसा प्रसंग नाटकाची किल्ली आहे. ब्रिक ज्या खोटेपणाच्या किळसेपायी पितो असे सांगतो, त्या खोटेपणाचा सर्वांत निरुपद्रवी नमुना म्हणजे वाढदिवसाचे कार्ड. त्यावर सही न करणारा माणूस सत्यनिष्ठ आहे, असे प्रेक्षकाला क्षणभर वाटते. पुढे दुसऱ्या अंकातील पितापुत्रांच्या दीर्घ संवादात बिग डॅडी ब्रिकला त्याच्या मृत मित्राविषयीच्या दडपलेल्या सत्यापर्यंत नेऊन पोचवतो आणि त्या वेदनेच्या भरात ब्रिक वडिलांना त्यांच्या आजाराचे सत्य सांगून टाकतो. येथे विल्यम्सची नाट्यदृष्टी फार धारदार आहे. सत्य बोलले जाते, पण सत्यप्रेमाने नव्हे. ते परतफेड म्हणून बोलले जाते. सबंध कुटुंबात वडिलांशी सर्वांत प्रामाणिक बोलणे ज्याचे झाले, त्याच्याच तोंडून सर्वांत क्रूर वाक्य बाहेर पडते.

या नाटकाचे तिसरे अंक दोन आहेत आणि विल्यम्सने ते दोन्ही छापले. दिग्दर्शक एलिया कझान यांच्या सूचनेवरून प्रयोगासाठी लिहिलेल्या अंकात बिग डॅडी पुन्हा रंगमंचावर येतो. मूळ अंकात तो येत नाही. त्याच्या वेदनेचा आवाज तेवढा आतून येतो. प्रयोगाच्या दृष्टीने पहिला पर्याय परिणामकारक असेल. आशयाच्या दृष्टीने मूळ अंकच सरस ठरतो. ज्याच्यासाठी मेळावा जमला तो माणूस सत्य कळल्यानंतर मेळाव्याच्या बाहेर जातो, आणि बाहेरच्या खोलीत गूपर मळ्याच्या व्यवस्थेची कागदपत्रे काढतो. वाढदिवस तेथे संपतो आणि वाटणी सुरू होते. त्यातच मॅगी आपण गरोदर असल्याचे जाहीर करते. बिग डॅडीसाठी वाढदिवसाची भेट म्हणून दिलेली ही बातमीही खोटी आहे. समारंभाची सुरुवात ज्या असत्याने झाली त्याची जागा दुसरे असत्य घेते. फरक एवढाच की या दुसऱ्यात जगण्याची धडपड आहे. विल्यम्स तिची निंदा करत नाही. असत्याशिवाय घर चालत नाही आणि असत्याने ते घुसमटते, या दोहोंच्या मध्ये तो प्रेक्षकाला सोडतो.

५

‘फेस्टन’ या डॅनिश शब्दाचा अर्थच समारंभ असा आहे. १९९५ मध्ये काही डॅनिश दिग्दर्शकांनी ‘डोग्मा ९५’ या नावाने चित्रपटनिर्मितीचे काही कठोर निर्बंध स्वतःवर घालून घेतले होते. हातात धरलेला कॅमेरा, प्रत्यक्ष स्थळी चित्रीकरण, कृत्रिम प्रकाश आणि वरून जोडलेले संगीत यांना मज्जाव, असे त्यांचे स्वरूप होते. त्या नियमांनी बनलेला हा पहिला चित्रपट. परिणामतः तो एखाद्या पाहुण्याने घाईघाईत टिपलेल्या घरगुती चित्रफितीसारखा दिसतो. ज्या साधनाने कुटुंबे आपले गोड क्षण जपून ठेवतात, त्याच साधनाचा भास येथे कुटुंबाविरुद्धच्या साक्षीसाठी वापरला गेला आहे.

ग्रामीण परिसरातील एक भव्य निवासगृह चालवणाऱ्या हेल्गे या गृहस्थाची साठी आहे. नातलग मोटारींनी येतात, खोल्या वाटून दिल्या जातात, जेवणाची मेजे मांडली जातात. काही काळापूर्वीच याच घरात त्याच्या एका मुलीने, लिंडाने, आत्महत्या केली आहे. तिचा जुळा भाऊ क्रिस्तियान भाषणासाठी उभा राहतो. त्याच्या हातात दोन रंगांची दोन पाकिटे आहेत आणि वडिलांनी त्यांपैकी एक निवडायचे आहे. निवडलेल्या पाकिटातले भाषण सौम्य स्वरात सुरू होते. वडिलांनी लहानपणी आपल्यावर आणि लिंडावर लैंगिक अत्याचार केले, असे तो त्यात सांगतो.

यानंतर जे घडते तेथे या चित्रपटाची खरी शक्ती आहे. काहीच घडत नाही. क्षणभर शांतता, आणि मग समारंभ पुढे चालू होतो. वृद्ध आजोबा आपली नेहमीची चावट गोष्ट सांगतात, सूत्रसंचालक पुढच्या वक्त्याची घोषणा करतो, आई आपल्या भाषणात क्रिस्तियानच्या बालपणीच्या कल्पनाशक्तीचे कौतुक करत त्याला माफी मागायला सुचवते. शिष्टाचाराचा प्रत्येक नियम सत्याला गिळण्यासाठी उपयोगी पडतो. क्रिस्तियानला बाहेर हाकलले जाते, झाडाला बांधले जाते, आणि तो परत येतो. पाहुण्यांना निघून जाता येऊ नये म्हणून स्वयंपाकघरातील माणसे त्यांच्या गाड्यांच्या किल्ल्या लपवतात. मेजावरच्या मंडळींत जे धैर्य नाही ते स्वयंपाकघरात आहे. हे सामाजिक निरीक्षण कोणतेही भाष्य न करता येथे आलेले आहे.

अखेरीस लिंडाची चिठ्ठी तिची बहीण हेलेने मोठ्याने वाचते आणि समारंभाची भिंत कोसळते. इतर कृतींशी तुलना केली असता ‘फेस्टन’चे एक वैशिष्ट्य स्पष्ट होते. विल्यम्सच्या नाटकात सत्य माहीत नसलेल्या मोजक्या माणसांत स्वतः सत्कारमूर्ती आहे. येथे सत्कारमूर्तीला ते पहिल्यापासून माहीत आहे. जमलेल्या पाहुण्यांना ते माहीत नाही, किंवा माहीत करून घ्यायचे नाही. म्हणून येथे ज्येष्ठाचे मन दुखवू नये हा प्रश्नच उद्भवत नाही. तो न्यायाचा प्रश्न होतो, आणि न्यायाच्या प्रश्नात प्रेक्षकाची बाजू ठरलेली असते. या निःसंदिग्धतेमुळे चित्रपटाला प्रचंड वेग मिळाला आहे, आणि तिच्यामुळेच त्याची नैतिक गुंतागुंत एका मर्यादेपलीकडे जात नाही, असेही म्हणावे लागते. मात्र शेवटचा प्रसंग या मर्यादेला ओलांडून जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या मेजावर हेल्गे येतो आणि आपल्या अपराधाची कबुली देतो. आदल्या दिवसापर्यंत त्याच्या मर्जीसाठी धडपडणारा धाकटा मुलगा मिकेल त्याला सांगतो की आता त्याने जावे, म्हणजे सर्वांना न्याहारी करता येईल. या वाक्यात सूडाचा आवेश नाही. आधी निवारण आणि मग जेवण, हा जो क्रम आदल्या दिवशी उलटा झाला होता, तो येथे सुलटा होतो.

६

‘शाखा प्रशाखा’मध्ये वाढदिवस आहे, पण मुलगे वाढदिवसाला आलेले नाहीत, हे प्रथम लक्षात घ्यायला हवे. कष्टाने आणि सचोटीने नाव मिळवलेले निवृत्त उद्योजक आनंद मजुमदार यांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा सत्कार त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावात चालू आहे. त्या सत्कारातच त्यांना हृदयविकाराचा झटका येतो. त्यानंतर कलकत्त्याहून तीन मुलगे धावत येतात. वाढदिवसाने जी माणसे जमली नाहीत ती आजाराने जमली. घरात आधीपासून असलेला चौथा मुलगा प्रशांत हा अपघातात मेंदूला इजा झालेला, पाश्चात्त्य अभिजात संगीतात रमणारा, जगाच्या हिशेबाने निरुपयोगी. आणि घराच्या एका खोलीत आनंदबाबूंचे वयाची नव्वदी ओलांडलेले वडील आहेत, ज्यांचे भान हरपले आहे. चार पिढ्यांचे हे घर म्हणजे शीर्षकातला वृक्ष.

मुलांपैकी थोरला प्रबोध आणि प्रबीर यांनी व्यवसायात काळा पैसा केला आहे. सर्वांत धाकट्या प्रतापने भोवतालचा भ्रष्टाचार असह्य होऊन नोकरी सोडली आहे. वडिलांनी आयुष्यभर काम आणि सचोटी या दोनच गोष्टी मानल्या. मुलांविषयी त्यांना कोणतीही शंका नाही. जेवणाच्या मेजावर भावाभावांत सचोटीविषयी वाद होतो, तेव्हा प्रशांत काहीही न बोलता मेजावर मूठ आपटत राहतो. एका हाताचा हा आवाज भाषणांच्या सर्व युक्तिवादांना पुरून उरतो.

या चित्रपटावर संवादांचा भार फार आहे, पात्रे आपला आशय बोलून दाखवतात, असा आक्षेप घेता येण्याजोगा आहे. तो पूर्णतः निराधार नाही. प्रशांतचे पात्र निष्पापतेचे प्रतीक म्हणून इतके उघडे आहे की त्याला माणूस म्हणून फारसे स्वातंत्र्य उरलेले नाही. प्रतापची हकिगतही कबुलीजबाबासारखी सरळ मांडली गेली आहे. परंतु या दोषांमुळे चित्रपटाच्या मुख्य रचनेतली सूक्ष्मता नजरेआड होऊ नये. सत्य आनंदबाबूंपर्यंत पोचते ते भावांच्या वादातून नव्हे. ते पोचते लहानग्या नातवाच्या बडबडीतून. आपल्या शिक्षणाची ऐट दाखवत तो आजोबांना एक नंबरचा आणि दोन नंबरचा पैसा यांतला भेद सांगतो, आणि आपले वडील व काका यांच्याकडे दोन नंबरचा पैसा आहे हेही सांगतो. त्याच्या दृष्टीने हे घरात ऐकलेले ज्ञान आहे. त्यात लपवण्यासारखे काही आहे, हेच त्याला माहीत नाही.

ब्रिकचे सत्य सूडातून आले, क्रिस्तियानचे न्यायबुद्धीतून; हे सत्य निरागसतेतून येते, आणि म्हणून त्याला उत्तर नाही. त्याच्यावर रागवता येत नाही आणि ते नाकारताही येत नाही. शिवाय ते आनंदबाबूंविषयी नाही. बिग डॅडीला स्वतःच्या मरणाचे सत्य कळले. आनंदबाबूंना आपल्या पश्चात काय उरणार आहे, हे कळते. साठी-सत्तरीचा समारंभ ज्या गोष्टीची ग्वाही देतो, म्हणजे हे आयुष्य पुढच्या पिढीत चालू राहील, तीच ग्वाही नातवाच्या बोलण्याने खोटी ठरते.

येथे एक प्रश्न उपस्थित करणे आवश्यक आहे. रायनी आनंदबाबूंना निर्दोष ठेवले आहे, असे सर्वसाधारणपणे दिसते. पण ज्या माणसाच्या नावाने गाव ओळखले जाते, त्याच्या मुलांना स्वतःच्या अपयशाविषयी, मोहाविषयी घरात बोलण्याची सोय होती काय? आनंदबाबूंनी मुलांना कधी विचारले नाही, कारण विचारण्याची गरज त्यांना वाटली नाही. वडिलांच्या सचोटीचा जो अखंड गौरव होत राहिला, त्यानेच मुलांना लपवायला शिकवले असण्याची शक्यता चित्रपट बोलून दाखवत नाही. पण ती त्याच्या रचनेत आहे. सत्कार चालू असतानाच सत्कारमूर्ती कोसळते, या प्रारंभीच्या प्रसंगाचा अर्थ अशा वाचनाने अधिक गडद होतो. गौरव हा केवळ सत्याला झाकत नाही, तो सत्य बोलण्याची जागाही कमी करत जातो. अखेरीस परत निघालेल्या मुलांमागे वडिलांजवळ उरतो तो प्रशांत, आणि त्याचा हात धरून ते पडून राहतात.

७

या चार कृतींपुढे मराठी रंगभूमी ठेवली असता एक लक्षणीय गोष्ट आढळते. मराठीतील सर्वांत समर्थ कुटुंबमेळावा वाढदिवसाचा नाही. तो मृत्यूनंतरचा आहे. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’मध्ये (१९८५) विदर्भातील धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात तात्याजींच्या निधनानंतर कुटुंब एकत्र येते. मुंबईहून सुधीर आणि अंजली येतात, तेराव्याच्या खर्चाचा प्रश्न उभा राहतो, दागिन्यांचा विषय निघतो, आणि वाड्याबरोबर माणसांचेही बुरूज ढासळताना दिसतात. जिच्या मुलाचे तेरावे आहे ती अतिवृद्ध दादी अजून घरात आहे. ‘शाखा प्रशाखा’मधील वृद्ध पित्याची ती मराठी भावंड म्हणता येईल.

एलकुंचवारांच्या नाटकात विधी पूर्ण शाबूत आहे. काय करायचे, किती दिवस करायचे, कोणी करायचे हे सर्व ठरलेले आहे; न परवडणारा आहे तो त्याचा खर्च. म्हणून तेथील संघर्ष सत्य सांगावे की न सांगावे याभोवती फिरत नाही. गेलेल्या माणसापासून लपवण्यासारखे काही नसते. सर्वांना सर्व माहीत असूनही विधीच्या मर्यादेत राहून एकमेकांशी वागायचे असते, आणि या मर्यादेमुळेच आई, वहिनी, प्रभा यांच्या अबोल समजूतदारपणाला जागा मिळते. विधी माणसांना दरिद्री करतो आणि त्याच वेळी त्यांना सांभाळतोही, हे दुहेरी सत्य मराठी नाटककाराला गवसले, कारण त्याच्यासमोर शांत अजून मोडलेली नव्हती.

वाढदिवसाच्या जवळ जाणाऱ्या दोन मराठी नाट्यकृतींचा येथे उल्लेख करता येईल. वि. वा. शिरवाडकर यांच्या ‘नटसम्राट’मध्ये (१९७०) निवृत्तीच्या कृतार्थ क्षणी अप्पासाहेब बेलवलकर आपले सर्वस्व मुलांना वाटून टाकतात, गौरवाच्या धुंदीत केलेली ती वाटणीच शोकांतिकेचे बीज ठरते. जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’मध्ये नाना-नानी मुलांची वाट पाहत राहतात आणि मेळावा भरतच नाही. एका नाटकात समारंभ घात करतो, दुसऱ्यात समारंभाची उणीव. दोन्ही ठिकाणी वृद्धांचे दुःख उत्कटपणे आले आहे. मात्र मुलांच्या बाजूने वृद्धांना काही सांगायचे राहून गेले आहे काय, हा प्रश्न तुलनेने मागे पडतो. मराठी नाट्यसृष्टीत सहानुभूतीचा ओघ ज्येष्ठाकडे इतका सहज वळतो की त्याच्याशी खरे बोलण्याची वेळच येत नाही. ‘फेस्टन’सारखा विषय मराठी समारंभाच्या चौकटीत मांडणे अवघड वाटते ते केवळ संकोचामुळे नव्हे, या ओघाच्या विरुद्ध पोहावे लागेल, हेही त्याचे कारण आहे.

८

ज्येष्ठाला सत्य सांगावे की त्याचा दिवस गोड करावा, या प्रश्नाला चारही कृती एकच उत्तर देत नाहीत. हॅरीने स्वतःचे सत्य स्वीकारले आणि आई गमावली. ब्रिकने सत्य सांगितले, पण प्रेमाच्या जागी राग ठेवून. क्रिस्तियानने ते सांगितले नसते तर लिंडाचा मृत्यू दुसऱ्यांदा झाला असता. आनंदबाबूंच्या नातवाने ते सांगितले आणि एका सज्जन माणसाचे उरलेले आयुष्य पोखरले गेले. सत्य नेहमी बोलावे असा बोध यांतून काढणे म्हणजे या कृतींना सुभाषित करून टाकणे होईल.

त्यांतून एवढे मात्र निश्चित दिसते की ज्या समारंभात अस्वस्थतेला बसायला पाटच मांडलेला नसतो, तेथे ती अवेळी आणि अयोग्य तोंडातून बोलते. दारूच्या नशेत बोलते, चिठ्ठीतून बोलते, मेजावर आपटणाऱ्या मुठीतून बोलते, लहान मुलाच्या बडबडीतून बोलते. जुन्या विधीने होमकुंडापाशी तिला आधीच एक जागा दिलेली होती. त्या जागी ग्रहपीडा होती, कुटुंबाचे सत्य नव्हते, हे मान्य केले तरी अशांतीचे अस्तित्व गृहीत धरण्याची शिस्त त्यात होती. त्या विधीकडे परत जाण्याचा मार्ग या कृती सुचवत नाहीत, आणि तसा तो सुचवण्याचे कारणही नाही. नाटक हे विधीचे उत्तराधिकारी असेल तर ते याच अर्थाने, की जे समारंभाला झाकावेसे वाटते त्याला ते आधी मान देते.

अखेरीस दोन मेजे मनात राहतात. एका मेजावरून बाप उठून जातो आणि उरलेली माणसे न्याहारी करतात. दुसऱ्या घरात मेज रिकामे झाले आहे, गाड्या निघून गेल्या आहेत, आणि सत्तर वर्षांच्या एका वृद्धाने ज्याला काहीच लपवता येत नाही अशा मुलाचा हात धरलेला आहे. पहिल्या घरी शांत झाली. दुसऱ्या घरी ती झाली की नाही, हे रायनी सांगितलेले नाही.